असा दावा त्याने केला

स्क्रू इतका लहान होता, की टेबलावर दिसतोय तो स्क्रूच आहे की सनमायक्यावरचा जुना काळा ठिपका, हे बोट फिरवल्याशिवाय तिला कळेना – आणि बोट फिरवलं की तो घरंगळून कीबोर्डच्या फटीत जाणार हेही ठाऊक होतं, म्हणून ती नुसतीच वाकून बघत राहिली, चष्म्याची सुटलेली काडी डाव्या हातात, उरलेला चष्मा उजव्या हातात, आणि समोर पडद्यावर एजन्सीची इंग्रजी बातमी, जी दुपारच्या बैठकीआधी आपल्या भाषेत उतरवून द्यायची होती. शेवटी तिने तो ठिपका चिकटपट्टीवर उचलला. होता स्क्रूच. पण तो बसवायला लागणारी हत्यारं चष्मेवाल्याकडे, आणि चष्मेवाला बाजारात. म्हणजे संध्याकाळपर्यंत एका हाताने चष्मा भिंगासारखा डोळ्यासमोर धरायचा आणि दुसऱ्या हाताने टंकायचं. आंधळं दळतंय अशातली गत.

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. बावीस वर्षांपूर्वी ती इथे मुद्रितशोधक म्हणून लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने संपादकांच्या अग्रलेखातल्या चार वेलांट्या उलट्या पडल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून हजेरीपट सोडला तर तिचं खरं नाव कुठे उरलं नव्हतं. आता ती अनुवादाच्या टेबलावर होती. दिवसाला पंधरा-वीस बातम्या. डोळ्यांनी घोट घ्यायचा, बोटांनी ओतायचा – मधे डोकं कुठे लागत असे असं तिला अलीकडे वाटत नव्हतं. वाक्य अर्धं वाचलं की उरलेलं अर्धं बोटांना आधीच कळायचं.

आज मात्र भिंगातून एका वेळी दोन-तीनच शब्द दिसत होते. पहिलीतलं पोर वाचतं तसं ती वाचत होती. एका मोठ्या रुग्णालयातली लिफ्ट – दुसऱ्या मजल्यावरून – खाली कोसळली. चौघे जखमी. त्यात एक परिचारिका. लिफ्टबद्दल कोणतीही तक्रार आली नव्हती, असं रुग्णालयाने… इथे शब्द होता ‘सेड’. पुढचं वाक्य. केबल झिजल्याचं आपण दोनदा लेखी कळवलं होतं, असं लिफ्टच्या मेकॅनिकने… तिने चष्मा जरा सरकवला… ‘क्लेम्ड’.

आणि ती हे वाचत होती तोवर उजव्या हाताने आपलं काम करून टाकलं होतं. आठ वर्षांपूर्वी तिनेच संगणकात एक सोय करून ठेवली होती – द आणि क एवढी दोन अक्षरं दाबली की आपोआप पूर्ण वाक्यखंड उमटायचा. पडद्यावर तो उमटला होता: असा दावा त्याने केला.

त्याने. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांसाठी वरच्या ओळीत तिने ‘त्यांनी स्पष्ट केले’ लिहिलं होतं. अनुस्वारही तिनेच दिला होता, स्पष्टही तिनेच केलं होतं. इंग्रजीत तर तिथे नुसतं ‘सेड’ होतं.

तिने चष्मा खाली ठेवला. पडदा धुरकट झाला, अक्षरांच्या मुंग्या झाल्या.

…घरातलं फडताळ. वरून दुसरा कप्पा, डाळी-साखरेच्या डब्यांचा. आई दर दोन महिन्यांनी कप्प्यात नवा वर्तमानपत्राचा कागद अंथरायची, चित्रं वर येतील असा, म्हणजे डबा उचलला की कुणी हसरी बाई नाहीतर एखादी मोटार दिसायची. आणि त्या वर्षी तिने एक कागद पालथा अंथरला. वर नुसत्या निविदा-सूचना. ती तेव्हा अकरा वर्षांची. पालथा कागद बघितला की पोरं उलटा करून बघणारच. तिने स्टुलावर चढून दोन डबे बाजूला केले आणि कोपरा उचलला. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी दूषित होऊन अडीचशे लोक आजारी पडल्याची बातमी होती, एक म्हातारी बाई दगावल्याची होती, आणि शेवटच्या परिच्छेदात होते बाबा. नाव नव्हतं. पण त्या पाळीला क्लोरीनच्या यंत्रावर एकच माणूस होता, आणि तो कोण हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं. ‘यंत्र बिघडल्याचे आपण दोन दिवस आधीच वरिष्ठांना सांगितले होते, असा दावा या कर्मचाऱ्याने केला.’

दावा म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. आजोळी गोठ्यात गाय बांधायच्या दोरीला दावं म्हणत, तेवढं माहीत होतं. बाबांनी कसली तरी दोरी केली, आणि ती आता त्यांच्याच गळ्यात आहे – असं काहीतरी चित्र तिच्या मनात तयार झालं, आणि गंमत म्हणजे पुढे शब्दाचा खरा अर्थ कळला तरी ते चित्र काही गेलं नाही. उलट जास्तच बरोबर वाटायला लागलं. शाळेत एकदा वही घरी राहिली. गृहपाठ केलाय, वही विसरले, असं तिने सांगितलं, तर बाई हसून म्हणाल्या, “केलायस, की केल्याचा दावा आहे?” वर्गही हसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या घरीही दोघं आजारी पडली होती.

चौकशी सव्वा वर्ष चालली आणि तिच्यातून काहीच निघालं नाही. बाबांना आधी भांडारात बसवलं, मग परत कामावर घेतलं. ते दोषी आहेत असं कुणी म्हटलं नाही. ते निर्दोष आहेत असंही कुणी म्हटलं नाही. वर्तमानपत्राला तर ती बातमी पुन्हा आठवलीच नाही. घरात त्यावर बोलायचं नाही हे ठरवावं लागलं नाही, ते आपोआप ठरलं… आणि मी, तिला वाटलं, मी मोठी होऊन कुठे नोकरीला लागले तर इथे. आणि काय केलं तर त्या शब्दाला दोन अक्षरांची पायवाट करून दिली, म्हणजे येताना त्याला फार चालावं लागू नये.

“वेलांटीबाई, लिफ्ट झाली का?” वृत्तसंपादकांनी काचेच्या केबिनमधूनच विचारलं. त्यांनाही नाव होतं, कात्री, पण ते त्यांच्या पाठीमागे.

“होतेय सर. चष्मा मोडलाय.”

“बातमी मोडू नका म्हणजे झालं.”

ती बातमी तशीच सोडून तिने संगणकातल्या जुन्या अंकांच्या कपाटात शोध लावला. शब्द टाकला, ‘दावा’. गेल्या एका महिन्याचे अंक. भिंग धरून एकेक ओळ बघताना मान अवघडली, पण ती थांबली नाही. दावा केला तो रहिवाशांनी. दावा केला तो ट्रकच्या चालकाने. जखमीच्या भावाने. काढून टाकलेल्या शिक्षिकेने. मग तिने दुसरे शब्द टाकले. ‘सांगितले’ पोलिसांनी. ‘स्पष्ट केले’ कंपनीने, आणि खात्याने, आणि महामंडळाने, ‘नमूद केले’ अध्यक्षांनी. क्वचित कुठे एखाद्या मोठ्या माणसानेही दावा केला होता, नाही असं नाही. पण तो निवडणुकीत आपण जिंकणार असा. त्याच्या गळ्यात तो हार होता, या बाकीच्यांच्या गळ्यात… आणि यातल्या निम्म्याहून जास्त बातम्या तिच्या हातच्या होत्या. काहींमध्ये मूळ इंग्रजीतही ‘सेड’च होतं. इंग्रजीने न दाखवलेला संशय तिने पदरचा घातला होता.

तिला शिकवणारे म्हातारे गुरुजी आठवले. ते निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. अनुवादाला आली त्या पहिल्या दिवशी त्यांनी तिला टेबलाशी बसवून सांगितलं होतं, “हे बघ मुली, ‘सेड’ हा शब्द पाण्यासारखा आहे. चव नाही म्हणूनच तो पोटभर वापरता येतो. ‘क्लेम्ड’मध्ये मात्र चिमूटभर काहीतरी आहे. आजारी माणसाला देताना जपून.” तिने ते वहीत लिहून घेतलं होतं. वही कुठे गेली कोण जाणे.

तिने एजन्सीच्या, रुग्णालयाच्या गावातल्या बातमीदाराला फोन लावला. असं ती कधी करत नसे; अनुवादाच्या टेबलावरच्या माणसाने मजकुराबाहेर पाय टाकायचा नसतो. बातमीदार जेवत होता.

“मेकॅनिकशी बोललात का तुम्ही?” तिने विचारलं.

“बोललो ना. तक्रारवहीत दोनदा लिहून दिलं म्हणतो. वही रुग्णालयाकडे आहे. मी बघायला मागितली, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत दाखवता येणार नाही म्हणाले.”

“हे इंग्रजी बातमीत नाहीये.”

“मी पाठवलं होतं. वर कापलं गेलं असेल.” त्याने घास गिळला. “नंबर देऊ का त्याचा? बोलतोय तो, कुणी विचारलं तर.”

मेकॅनिकने पहिल्याच घंटेला फोन उचलला, जणू हातात धरूनच बसला होता. आवाज तिच्याहून तरुण. तिने कोण, कुठून ते सांगितलं.

“इंग्रजी पेपरवाल्या का?”

“नाही. आपल्या भाषेतल्या.”

“सकाळी बायकोने मोबाइलवर इंग्रजी बातमी वाचून दाखवली,” तो म्हणाला. “मला तेवढं इंग्रजी येत नाही. पण वाचता वाचता ती एका शब्दावर अडली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, तुम्ही खोटं बोलताय असं म्हणत नाहीयेत, पण खरं बोलताय असंही म्हणत नाहीयेत.”

कसला शब्द हे तिने विचारलं नाही.

“मंगळवारी लिहिलं,” तो सांगू लागला, “आणि शुक्रवारी परत. सुपरवायझरच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही असते. मंगळवारी पेन चालेना म्हणून तिथल्या बाईंचं पेन घेतलं.”

“तुमच्याकडे त्याचा काही पुरावा आहे? फोटो वगैरे?” आणि हे विचारता विचारताच तिला तो आवाज ओळखू आला. तिचाच होता, पण त्यात चौकशीच्या खोलीतली लाकडी खुर्ची होती, टेबलापलीकडे बसलेले तिघं होते.

तो चिडला नाही. “नाही हो बाई,” तो म्हणाला. “पुरावा राहावा म्हणून कोण सांगतं? केबल झिजलीय, कुणीतरी बघेल, म्हणून सांगितलं. पुढे हे सिद्ध करायला लागेल असं माहीत असतं, तर काढला असता की फोटो.”

तिने ते शब्द जसेच्या तसे उतरून घेतले. मग ‘द’ आणि ‘क’वर बोट न नेता, एकेक अक्षर दाबत, सबंध बातमी पहिल्यापासून लिहिली. तक्रार आली नव्हती, असे रुग्णालयाचे अधिकारी म्हणाले. मंगळवारी आणि शुक्रवारी तक्रारवहीत लिहून दिले होते, असे मेकॅनिक म्हणाले. म्हणाले. दोघंही. चौकशी होईपर्यंत ही वही दाखवता येणार नाही, असे रुग्णालयाने वृत्तसंस्थेच्या बातमीदाराला सांगितले. आणि मथळा: ‘रुग्णालयातील लिफ्ट कोसळली; तक्रार आली नाही : प्रशासन; दोनदा लिहून दिली : मेकॅनिक’.

कात्रींनी बातमी केबिनमध्ये वाचली आणि तिला आत बोलावलं. बैठकीला वीस मिनिटं होती.

“दावा कुठे गेला यातला?”

“काढला.”

“का? एजन्सीने ‘क्लेम्ड’ म्हटलंय. त्याच्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर नको, म्हणून तो शब्द असतो. कवच आहे ते.”

“कवच आपल्याला आहे सर. त्याला नाही.”

“आपण न्यायाधीश नाही, वेलांटीबाई.”

“म्हणूनच काढला,” ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता याचं तिलाच नवल वाटलं. “तो खरं बोलतोय असं मी कुठेच लिहिलेलं नाही. तो बोलला, एवढं लिहिलंय. दावाच ठेवायचा असेल तर तक्रार आली नव्हती हाही रुग्णालयाचा दावाच लिहू. मी बदलून देते, दोन मिनिटांचं काम आहे.”

“रुग्णालयाने दावा केला?” कात्रींनी ते वाक्य जिभेवर फिरवून बघितलं, एखादी ओळखीची भाजी भलतीच लागावी तसा चेहरा केला. “कसंतरी वाटतं.”

“हो ना.”

खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातलेली दिसत होती. ते तिकडे बघत राहिले. तीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस. वाईट नव्हता. कापण्यात वाकबगार, पण कापलेलं कधी कधी आठवत बसायचा, असं ती ऐकून होती.

“उद्या वही उघडली आणि तिच्यात काही निघालंच नाही तर?”

हे तिच्याही मनात होतं. फोन ठेवल्यापासून होतं. “तर नोंद आढळली नाही असं छापू,” ती म्हणाली. “पहिल्या पानावर छापू. ते त्याने काय म्हटलं यापेक्षा वेगळं असेल, आणि वाचणाऱ्याला दोन्ही कळेल.”

“मेकॅनिक ‘म्हणाले’?” त्यांनी पेन्सिलीने त्या अनेकवचनावर टिचकी मारली. “इतका मान?”

“वरच्या ओळीतले अधिकारीही म्हणालेच आहेत, सर.”

कात्री हसले. तोंडाने नाही, नाकाने. “जाऊ द्या. पण बातमीच्या नोंदीत तुमचं नाव राहील. आणि रुग्णालयाचा फोन आला तर तो मी तुमच्याकडे जोडणार.”

“जोडा,” ती म्हणाली, आणि आपल्या टेबलाशी परत आली.

फोन आला नाही. निदान साडेपाचला ती निघाली तोवर तरी नाही. रस्त्याने चालताना, एका हाताने चष्मा डोळ्याला लावून, दिवे आणि माणसं चुकवत, तिला हलकं वाटत होतं. इतकं हलकं की चष्मेवाल्याचं दुकान मागे पडलं हे दोन चौक गेल्यावर लक्षात आलं. पस्तीस वर्षांनी का होईना, कागद उलटा करून नीट अंथरला असं वाटत होतं. घरी जाऊन सांगायचं. पहिल्यांदाच त्या विषयावर काहीतरी सांगायचं, आणि तेही चांगलं.

दार बाबांनी उघडलं.

“आलीस वाटतं,” ते म्हणाले – ती समोर उभी असताना.

“औषध घेतलंत?”

“घेतलं बहुतेक.”

गोळ्यांच्या डबीत संध्याकाळचा खण रिकामा होता. घेतलं होतं. तिने डबी मिटली, आणि हात तिथेच राहिला. बहुतेक. वाटतं. असावं. बाबा असंच बोलतात, म्हातारपण आहे, असं ती लोकांना सांगत आली होती. पण म्हातारपण कधीपासून? ती बारा वर्षांची असताना बाबा त्रेचाळीस-चव्वेचाळीसचे होते आणि तेव्हाही ‘दूध तापवलंय बहुतेक’ म्हणत होते, पातेल्यातून वाफ येत असताना. आई चिडायची. तुम्हीच तापवलंत ना, मग बहुतेक कशाला? ते नुसते हसायचे. आपल्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याला ते स्वतःच आधी शेपूट लावून द्यायचे, दुसऱ्या कुणी लावायच्या आत… आणि हे मला आज दिसलं. चष्मा मोडल्यावर.

ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. तिने दोघांना पाणी आणलं. बाबांनी पेला आधी नाकाशी नेला, वास घेतला, मग घोट घेतला. ते निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. तिने त्यांना लिफ्टचं सांगितलं, मेकॅनिकचं, निळ्या वहीचं, केबिनमधल्या बोलण्याचं. तो शब्द उच्चारताना ती क्षणभर अडखळली. ते ऐकत होते. पेल्याच्या तळाने टेबलावर ओली वर्तुळं काढत होते.

“बरं केलंस,” ते शेवटी म्हणाले. आणि पुढे “बहुतेक” म्हणाले नाहीत, म्हणून तिला धीर आला असावा.

“बाबा, त्या वेळी तुम्ही साहेबांना काय सांगितलं होतं?”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. बाबांनी पेला जिथे होता तिथेच ठेवला.

“यंत्र बंद पडलंय असं सांगितलं होतं, असं माझं म्हणणं होतं.”

“म्हणणं राहू दे. काय झालं ते सांगा.”

“तेच तर.” ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “चौकशीत नऊ वेळा विचारलं गं. नवव्या वेळेपर्यंत मला एवढंच आठवत होतं, की आठव्या वेळी मी काय बोललो. मूळचं होतं ते झिजून गेलं. मग पेपरात तसं आलं. मग मी स्वतःच विचार करायला लागलो – खरंच सांगितलं होतं, की सांगायला म्हणून निघालो होतो आणि… माणूस मनात शंभरदा बोलतो, त्यातलं एकदा तोंडाने बोललो की नाही, कसं ओळखायचं? तुझी आई विचारायची. तिला मी सांगायचो, हो, सांगितलं होतं. पण ते तिला बरं वाटावं म्हणून सांगत होतो की तसं होतं म्हणून, हे मला आज नाही सांगता येणार.”

ती ऐकत होती आणि तिच्या पायाखालची फरशी हळूहळू सरकत होती. दिवसभर ती ज्याच्यावर उभी होती ते हेच होतं – की बाबांनी सांगितलं होतं. कात्रींपुढे न डगमगता उभी राहिली ती त्याच बळावर. आणि आता… मेकॅनिकचा आवाज आठवला. मंगळवारी पेन चालेना. ती बातमी या वेळी तिकडे छपाईला लागली असेल. तिला वाटलं उठावं, फोन करावा, कात्रींना सांगावं की थांबा, दोन अक्षरं परत घालू, कवच असू दे…

पण ती उठली नाही. कारण भीतीच्या मागोमाग, जिन्यात कुणी दमाने चढून यावं तसं, दुसरं काहीतरी वर आलं. आपण काय लिहिलं? तो म्हणाला, असं लिहिलं. तो म्हणालाच आहे. ते काही केल्या खोटं ठरत नाही, वहीत काहीही असो. आणि बाबांच्या बाबतीत मी पस्तीस वर्षं काय केलं? ते खरं बोलले असं धरून चालले. एकदाही ऐकलं नाही. वर्तमानपत्राने संशय धरला, मी विश्वास धरला, आणि दोघांनीही त्यांना बोलू दिलं नाही.

“तुम्ही निघालात, हे तर नक्की ना?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“सांगायला म्हणून निघालात. तिथपासून सांगा. काय सांगितलं ते नको. नुसतं कसे गेलात ते.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. असं काही त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चेहरा आधी गोंधळला, मग हळूच कुठेतरी आत वळला.

“सोमवार होता बहुतेक,” ते म्हणाले. थांबले. “सोमवारच. कारण रविवारची पाळी माझी नव्हती, आणि माझ्या आधीच्याने खोलीची खिडकी उघडी ठेवली होती. उघडी असली तरी थोडा वास यायला हवा, पण येत नव्हता. क्लोरीनच्या खोलीत शिरलं की नाकात झोंबलं पाहिजे. झोंबलंच नाही. मी दारातच उभा राहिलो.” त्यांचा हात टेबलावरून उठला होता आणि हवेत एक दार धरून होता. “खाली बघितलं तर यंत्राचा काटा शून्यावर. दोनदा टिचकी मारली. मग बाहेर आलो. बूट ओले होते, म्हणून कचेरीच्या पायरीवर पाय पुसले. बराच वेळ पुसत होतो. साहेबांना चिखल आवडायचा नाही.”

“आणि साहेब?”

“फोनवर होते. हातानेच थांबा म्हणाले. मी थांबलो. कुठे बघायचं कळेना, म्हणून भिंतीकडे बघत होतो. कॅलेंडर मागच्याच महिन्याचं होतं. पहिली तारीख कधीच उलटून गेलेली. कुणी लक्ष दिलं नव्हतं. तर मी ते पान उलटलं.” मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, “हो. पान उलटलं. पान जाड होतं, खिळ्यात अडकलं, म्हणून मी दोन्ही हात लावले. हे मला आठवतंय. हे मी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलंच नव्हतं.”

तिला विचारावंसं वाटत होतं, पण तिने ओठ मिटून धरले. पुढचं वाक्य कसं येईल हे तिला ठाऊक नव्हतं. साहेब फोन ठेवतील आणि बाबा बोलतील. किंवा साहेब दुसरा फोन लावतील, आणि बाबा ओले बूट घेऊन तसेच परत फिरतील. दोन्हींपैकी काहीही निघू शकत होतं, आणि काही निघालं तरी ती या खुर्चीतच बसलेली असणार होती, बाबाही समोर असणार होते. आपल्याला निकाल हवा होता असं इतकी वर्षं वाटत आलं, आणि आता तो येण्याच्या बेतात असताना त्याची तेवढी ओढ राहिली नाही, हे तिला आश्चर्याने जाणवलं. बाबांचा हात अजून हवेत होता, दोन्ही हात, न दिसणारं एक जाड पान धरल्यासारखे. आवाजात कित्येक वर्षांत नव्हता तसा कस होता.

“मग?” ती म्हणाली, अगदी हळू.

“थांब जरा,” बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. “येतंय.”

ती थांबली. घाई कसलीच नव्हती.